पेशीतली पोथी आणि सोमलाची चोरी

बालमित्रांनो, ‘नियमांना हरताळ फासला’ असं वाक्य तुम्ही वर्तमानपत्रात कधी ना कधी वाचलंच असेल. परीक्षेत वाक्प्रचार आला, तर त्याचा अर्थही तुम्ही झटकन लिहाल. पण हा हरताळ म्हणजे नक्की काय, आणि तो फासायचा कशाला, हे कधी कुणाला विचारलंत का? (दुकानं बंद ठेवतात, तो हरताळ वेगळा बरं का!)

तर ऐका. हरताळ हे एक पिवळंधमक खनिज आहे. छापखाने नव्हते, तेव्हा पोथ्या हातानं, बोरूनं लिहीत. लिहिताना एखादं अक्षर चुकलं तर खोडायचं कसं? खोडरबर तर नव्हतंच. मग हरताळाची पूड खलून तिचा लेप त्या चुकलेल्या अक्षरावर फासायचा. अक्षर झाकलं जायचं आणि वर पुन्हा लिहिता यायचं. जुन्या हस्तलिखितांत असे पिवळे पट्टे आजही पाहायला मिळतात. म्हणजे हरताळ फासणे हे मुळात दुरुस्तीचं काम होतं!

आता गंमत पाहा. हा हरताळ बनतो गंधक आणि आर्सेनिक या दोन मूलद्रव्यांपासून. त्याचा लालसर भाऊ मनशीळ, तोही याच दोघांपासून बनलेला. आणि याच आर्सेनिकची पांढरी पूड म्हणजे सोमल. गोष्टींमध्ये राजाला दुधातून घालतात ना, ते जहाल विष!

जे आर्सेनिक पोथीतल्या चुका दुरुस्त करायला वापरलं गेलं, तेच आपल्या शरीरात गेलं की अगदी उलटं वागतं. शरीरात चुका दुरुस्त करणारे जे कामगार आहेत, त्यांनाच ते निकामी करतं. हे कसं, ते आज समजून घेऊ. थोडं लक्ष देऊन वाचावं लागेल, पण वाचल्यावर तुम्हीच म्हणाल, ‘अरेच्चा! हे तर आपल्या शुद्धलेखनासारखंच आहे!’

प्रत्येक पेशीत एक पोथी

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. बहुतेक प्रकारच्या पेशींत एक केंद्रक असतं आणि त्या केंद्रकात एक पोथी जपून ठेवलेली असते. तिचं नाव डी.एन.ए. तुमचे डोळे काळे की घारे, केस सरळ की कुरळे, पोटातला पाचकरस कसा बनवायचा, जखम कशी भरून काढायची, हे सगळं या पोथीत लिहिलेलं असतं.

पोथीची लिपी मात्र अगदी सोपी. आपल्या बाराखडीत किती अक्षरं! हिच्यात फक्त चार : ए, टी, जी आणि सी. या चार अक्षरांत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो, आणि त्याच्याही दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एका पेशीतला डी.एन.ए. उलगडून सरळ केला, तर तो दोन मीटर भरेल. म्हणजे तुमच्या बाबांपेक्षाही उंच! आणि हा एवढा लांब धागा मावतो कुठे? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या सहा-सात भागांएवढ्या केंद्रकात.

पिळाच्या शिडीसारखी त्याची रचना असते, हे जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये जगाला दाखवून दिलं. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी घेतलेली चित्रं फार मोलाची ठरली. या शिडीच्या प्रत्येक पायरीत दोन अक्षरं हातात हात घालून उभी असतात. जोड्या ठरलेल्या. ए असेल तर समोर टी. जी असेल तर समोर सी. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे दुरुस्तीच्या वेळी तीच कामाला येणार आहे.

चुका या होणारच!

शुद्धलेखन लिहिताना तुमच्या हातून चुका होतात ना? पेशीतही होतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना सगळी पोथी नव्यानं उतरवून काढावी लागते. तीनशे कोटी अक्षरं उतरवायची, म्हणजे एखादा काना-मात्रा इकडचा तिकडे व्हायचाच.

शिवाय पोथी नुसती पडून असली तरी तिची झीज होत असते. उन्हातले अतिनील किरण तिची अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. तंबाखूचा आणि विडी-सिगारेटचा धूर अक्षरांवर डाग पाडतो. फार काय, आपण जो श्वास घेतो, त्या प्राणवायूपासूनही पेशीत काही ठिणग्या उडतात आणि पोथीला चटके बसतात. एकेका पेशीत दररोज दहा हजारांहून अधिक ठिकाणी असं नुकसान होतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

दररोज दहा हजार चुका! मग आपण धडधाकट कसे? कारण पेशीत दुरुस्ती करणारी मंडळी रात्रंदिवस जागी असतात.

लाल शाईचे तपासनीस

ही मंडळी म्हणजे प्रथिनं. त्यांची कामं वाटून दिलेली असतात. काही जण पोथीवरून फिरत राहतात आणि कुठे अक्षर बिघडलंय, कुठे धागा तुटलाय, ते शोधतात. सापडलं की तिथे खूण करतात. आम्ही शिक्षक लाल शाईनं गोल करतो ना, अगदी तसं. मग दुसरे येतात आणि बिघडलेला तुकडा कापून काढतात. तिसरे समोरच्या ओळीकडे बघतात. तिथे सी आहे? मग इथे जीच असणार! योग्य अक्षर बसवलं जातं. शेवटी चौथे येऊन धागा सांधून टाकतात. झाली दुरुस्ती!

हे सारं शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. स्वीडनचे टोमास लिंडाल, अमेरिकेचे पॉल मॉडरिच आणि तुर्कस्तानात जन्मलेले अझीझ सँकार. मॉडरिच यांचे वडील जीवशास्त्राचे शिक्षक. ‘या डी.एन.ए.चा जरा अभ्यास कर’ असं त्यांनीच मुलाला सुचवलं होतं. सँकार यांची गोष्ट तर मनात कोरून ठेवावी अशी. सावूर नावाच्या लहानशा गावात, आठ भावंडांत ते वाढले. आईवडिलांना लिहितावाचता येत नव्हतं, पण मुलांनी शिकायचंच, असा त्यांचा हट्ट होता. त्या घरातला मुलगा पेशीतली पोथी कशी दुरुस्त होते, हे जगाला सांगणारा शास्त्रज्ञ झाला!

आता एक प्रश्न. समजा, एखाद्या दिवशी या तपासनिसांनाच कुणी आंधळं केलं तर? चुका तर रोजच्याच राहतील, पण त्यांच्याभोवती लाल गोल करणारं कुणी नसेल. नेमकं हेच घडलं आपल्या शेजारच्या बंगालात.

गोड पाण्याचा हापसा

गंगा आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांच्या मुखाशी पश्चिम बंगाल आणि बांगलादेश वसलेले आहेत. तिथे पाण्याला तोटा नाही, जिकडे पाहावं तिकडे तळी. पण पूर्वी लोक याच तळ्यांचं पाणी पीत आणि त्यातून कॉलरा, अतिसार असे रोग पसरत. हजारो लहान मुलं दगावत. म्हणून १९७० च्या दशकात सरकारांनी आणि युनिसेफसारख्या संस्थांनी गावोगावी कूपनलिका खोदून हापसे बसवायला सुरुवात केली. जमिनीखालचं पाणी स्वच्छ, नितळ, रोगजंतू नसलेलं. लोकांनी स्वतःच्या पैशानंही घरोघरी हापसे घेतले. हेतू चांगला होता, आणि जंतूंपासून सुटकाही झाली.

पण काही वर्षांनी एक विचित्र गोष्ट दिसू लागली. लोकांच्या छातीवर, पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके उठू लागले. तळहात आणि तळपाय कडक, खरखरीत होऊ लागले. नांगर धरवेना, चालवेना. १९८३ मध्ये कोलकात्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी असे रोगी तपासले आणि निदान केलं, ही आर्सेनिकची बाधा आहे!

पुढे १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी या कामाला वाहून घेतलं. त्यांच्या चमूनं पश्चिम बंगालमधल्या पाण्याचे १ लाख ४० हजारांहून अधिक नमुने तपासले. जवळजवळ निम्म्या नमुन्यांत आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं. बांगलादेशातही १९९३ मध्ये विहिरींत ते सापडलं. पुढे कळलं की तिथे कोट्यवधी लोक हेच पाणी पीत आहेत. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला विषबाधा झाल्याचं जगाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत २००० साली छापून आलं.

कुणी टाकलं हे विष पाण्यात? कुणीच नाही! हिमालयातले खडक हजारो वर्षं झिजत आले. त्यांची माती नद्यांनी वाहून आणली आणि बंगालच्या सपाटीवर पसरली. या मातीच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो आणि आर्सेनिक त्या गंजाला चिकटून बसलेलं असतं. खोल चिखलात हवा पोचत नाही. तिथले काही जीवाणू श्वासासाठी हा गंजच वापरतात. गंज विरघळतो आणि त्याच्यावर बसलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. निसर्गाचीच ही करणी.

मर्यादा किती म्हणाल, तर एका लिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं ती सांगितलेली आहे आणि भारतातही तीच आहे. किती कमी, ते बघा. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक दशांश ग्रॅम, म्हणजे मिठाची छोटीशी चिमूट टाकली, तर जेवढं होईल तेवढंच! बंगालमधल्या काही हापशांच्या पाण्यात हे प्रमाण १००० मायक्रोग्रॅमच्याही वर गेलेलं आढळलं. आणि कपाळाला हात लावायची गोष्ट म्हणजे या पाण्याला ना रंग, ना वास, ना चव. पिताना गोडच लागतं.

आपल्याला वाटेल, हे झालं लांबच्या बंगालचं. पण आपल्या गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडमधल्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावाच्या आसपासही पाण्यात आर्सेनिक सापडलेलं आहे. तिथे ते नदीच्या गाळातून येत नाही, फार जुन्या खडकांतून येतं.

पेशीत शिरलेला चोर

आता पुन्हा आपल्या पोथीकडे वळू. आर्सेनिक पेशीत गेलं की काय करतं? तुम्हाला वाटेल, ते थेट पोथीवर जाऊन अक्षरं पुसत असेल. नाही! ते पोथीला फारसा हातच लावत नाही. ते दोन वेगळ्याच खोड्या करतं.

पहिली खोडी म्हणजे आग लावण्याची. प्राणवायूच्या ठिणग्या मघाशी सांगितल्या ना, त्या आर्सेनिकमुळे खूप वाढतात. या ठिणग्या जी या अक्षराला सर्वांत आधी भाजतात. भाजलेला जी इतका बदलतो, की पोथी उतरवून काढताना तो टीसारखा वाचला जातो. मग समोर सीऐवजी ए लिहिला जातो. झाली चूक! काही ठिकाणी तर धागाच तुटतो.

पण हे सारं दुरुस्त करायला तपासनीस आहेतच की! म्हणून दुसरी खोडी जास्त घातक. ती आहे चोरीची.

दुरुस्तीच्या काही प्रथिनांत जस्ताचा एकेक कण बसवलेला असतो. होय, तेच जस्त, ज्याचा थर बादल्यांना, पत्र्यांना देतात. हा कण जागेवर असला, तरच प्रथिनाचा आकार बोटासारखा वळतो आणि त्या बोटानं ते पोथी चाचपडून बघतं. शास्त्रज्ञ त्याला म्हणतातच ‘जस्ताचं बोट’. जस्ताला तिथे धरून कोण ठेवतं? गंधक! प्रथिनातले गंधकाचे तीन-चार चिमटे जस्ताला घट्ट पकडून ठेवतात.

आणि गंधकावर आर्सेनिकचं किती प्रेम, ते तुम्हाला ठाऊक आहे. हरताळ आठवा, मनशीळ आठवा! डोंगरातल्या खडकात ज्यानं गंधकाचा हात धरला, तेच आर्सेनिक पेशीतही गंधक दिसला की धावत जाऊन त्याला बिलगतं. जस्त बाहेर ढकललं जातं. बोट वाकडं होतं. तपासनीस आंधळा!

अशा रीतीनं ज्यांचं जस्त चोरीला जातं, त्यांतल्या दोघांची नावं सांगते. एकाचं नाव ‘पार्प-वन’. तुटलेला धागा सर्वांत आधी यालाच सापडतो आणि तो बाकीच्यांना हाका मारतो. दुसऱ्याचं नाव ‘एक्स.पी.ए.’. उन्हानं चिकटलेली अक्षरं कापून काढणाऱ्या टोळीत हा असतो. दोघेही गप्प झाले, की चुका तशाच राहतात. पेशीच्या दोन पेशी होतात आणि चुकीची पोथी पुढच्या पिढीच्या पेशींच्या हाती जाते. एकदा नव्या प्रतीत दोन्ही ओळींवर चूक उतरली, की ती चूक आहे हे ओळखायचं कसं? अशा चुका वर्षानुवर्षं साचत गेल्या आणि नेमक्या ‘वाढ कधी थांबवायची’ हे सांगणाऱ्या पानावर पडल्या, तर पेशी बेसुमार वाढू लागते. त्यालाच कर्करोग म्हणतात. आर्सेनिकमुळे त्वचेचा, फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे आता पक्कं ठरलेलं आहे.

चुकार धूमकेतू

हे सगळं शास्त्रज्ञांना कळलं कसं? पेशीत काही आपल्याला डोकावता येत नाही. पण एक सुरेख युक्ती आहे. पेशी एका पारदर्शक, जेलीसारख्या थरात बसवतात, तिचं आवरण विरघळवतात आणि मग विजेचा सौम्य प्रवाह सोडतात. पोथी अखंड असेल, तर ती गोल गुंडाळीसारखी जागीच राहते. तुकडे झालेले असतील, तर ते विजेबरोबर पुढे सरकतात आणि मागे शेपूट दिसतं. हुबेहूब धूमकेतू! म्हणूनच या चाचणीचं नाव ‘धूमकेतू चाचणी’. शेपूट जितकं लांब आणि दाट, तितकी पोथी जास्त तुटलेली. आर्सेनिक दिलेल्या माणसाच्या पेशींत असे शेपटीवाले धूमकेतू दिसतात.

कोलकात्यातील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तर बंगालमधल्या गावकऱ्यांच्याच पेशी तपासल्या. रक्तातल्या, गालाच्या आतल्या बाजूच्या आणि लघवीतून येणाऱ्या. मोठ्या केंद्रकाशेजारी एखादं चिमुकलं केंद्रक दिसतं का, ते त्यांनी मोजलं. पोथीचे तुकडे पडले आणि ते नीट सावरले गेले नाहीत, की त्यांचं असं वेगळं गाठोडं होतं. आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्यांत अशी गाठोडी स्पष्टपणे जास्त निघाली.

आणखी एक प्रयोग फार बोलका आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात टोबी रॉसमन यांनी २००१ मध्ये तो प्रसिद्ध केला. काही उंदरांना पाण्यातून थोडं आर्सेनिक दिलं. त्यांना कर्करोग झाला नाही. काहींवर फक्त अतिनील किरण सोडले. त्यांच्या त्वचेवर गाठी आल्या. पण ज्यांना पाण्यातून आर्सेनिकही दिलं आणि वर अतिनील किरणही सोडले, त्यांच्या अंगावर दुपटीहूनही जास्त गाठी आल्या! काय समजलं यातून? ऊन चुका करत होतं आणि आर्सेनिकनं लाल शाईच लपवून ठेवली होती. भर उन्हात भातशेतीत राबणाऱ्या शेतकऱ्याचा विचार करा म्हणजे हा प्रयोग किती मोलाचा, ते कळेल. तंबाखूचंही तसंच. धूम्रपान आणि आर्सेनिक एकत्र आलं, की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही वाढतो.

मग उपाय काय?

उपाय एकच, आणि तो पहिला : ते पाणी थांबवायचं. उकळून उपयोग नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण आर्सेनिक तसंच राहतं. उलट वाफ उडून गेल्यानं उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं!

बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे पन्नास लाख हापशांचं पाणी तपासलं गेलं. ज्यात आर्सेनिक तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त, त्याचं तोंड लाल रंगवलं. ज्यात कमी, त्याचं हिरवं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही कळलं, पाणी कुठून भरायचं. गंमत म्हणजे पुष्कळदा लाल आणि हिरवा हापसा शेजारच्याच अंगणात असतो. म्हणून शेजाऱ्याला ‘आमच्या हापशाचं पाणी न्या हो’ म्हणणं, हेही तिथे औषधच ठरतं. खूप खोल गेलं, साधारण दीडशे मीटरच्याही खाली, तर तिथलं पाणी बहुधा चांगलं निघतं.

अबुल हुसाम हे मूळचे बांगलादेशातल्या कुष्टिया गावचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी बादल्या, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि लोखंडाचा खास चुरा वापरून एक साधा फिल्टर तयार केला. त्याला वीज लागत नाही. लोखंडाच्या गंजाला आर्सेनिक चिकटतं, हे मघाशी वाचलंत ना? त्याच गुणाचा त्यांनी उपयोग केला. २००७ मध्ये या फिल्टरला अमेरिकेत दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं आणि त्यातला मोठा वाटा फिल्टर गरजूंना देण्यासाठीच वापरायचं त्यांनी ठरवलं.

पण पाणी बदललं, तरी आधी झालेल्या चुकांचं काय? याचं उत्तर दोन देश देतात. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अँटोफगास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकयुक्त नदीचं पाणी मिळत होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. तरीही जे तेव्हा लहान होते किंवा आईच्या पोटात होते, त्यांच्यात पुढे कितीतरी वर्षांनी कर्करोग जास्त आढळला. साचलेल्या चुका पोथीत राहून गेल्या होत्या. म्हणूनच लहान मुलांचं पाणी सर्वांत आधी सुधारायला हवं.

दुसरं उत्तर आशेचं आहे. बांगलादेशात आराईहाजार इथे शास्त्रज्ञांनी सुमारे ११ हजार लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं. २०२५ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या शरीरातलं आर्सेनिक जास्तवरून कमी झालं, त्यांच्यात हृदयविकार, कर्करोग अशा आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण निम्म्यापर्यंत खाली आलं. याचा अर्थ, उशीर झाला तरी चांगलं पाणी सुरू करणं वाया जात नाही. चोर घराबाहेर गेला, की तपासनीस पुन्हा कामाला लागतात!

आणखी एक गोष्ट. आर्सेनिकचे डाग अंगावर असणाऱ्यांना बंगालमध्ये पुष्कळ त्रास झाला. लोकांना वाटायचं, हा महारोग आहे. मुलींची लग्नं अडायची, मुलांना खेळायला घेत नसत. पण हा रोग मुळीच संसर्गजन्य नाही. शेजारी बसल्यानं, हात धरल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो होत नाही. कुणाच्याही अंगावर डाग दिसले, की नाक मुरडण्याआधी हे आठवाल ना?

करून पाहा

पाच मित्र गोळा करा. पाठ्यपुस्तकातला दहा ओळींचा उतारा घ्या. पहिल्यानं तो पुस्तकात बघून उतरवायचा, पण फक्त तीन मिनिटांत! दुसऱ्यानं पहिल्याची वही बघून, तिसऱ्यानं दुसऱ्याची वही बघून, असं पाचव्यापर्यंत. शेवटी चुका मोजा. आता नवा, तेवढाच उतारा घेऊन हाच खेळ पुन्हा खेळा, पण या वेळी प्रत्येकाची वही पुढे देण्याआधी सहाव्या मित्रानं मूळ पुस्तकाशी ताडून लाल शाईनं सुधारायची. पुन्हा चुका मोजा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या पेशीतल्या तपासनिसांची किंमत!

पालकांसाठी दोन शब्द

पाणी नितळ दिसतं म्हणून ते चांगलं, असं समजू नका. बोअरच्या किंवा हापशाच्या पाण्याची रासायनिक तपासणी करून घ्या. महाराष्ट्रात आर्सेनिकपेक्षा फ्लोराइड आणि नायट्रेट यांचा त्रास अधिक आहे, आणि तेही डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे चौकशी केली, तर नमुना कुठे द्यायचा ते कळतं. मुलांनाही बरोबर न्या, बाटलीवर चिठ्ठी त्यांनाच लिहू द्या. जेवणात पालेभाज्या असू द्या. त्यांतलं फोलिक आम्ल आर्सेनिक शरीराबाहेर टाकायला यकृताला मदत करतं, असं बांगलादेशातल्याच अभ्यासात दिसलं आहे. आणि मुलांसमोर, मुलांच्या घरात विडी-सिगारेट नकोच.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी शुद्धलेखनाच्या वहीत लाल गोल दिसले, की रुसू नका. तुमच्या प्रत्येक पेशीत याच क्षणी असेच गोल काढले जात आहेत, आणि त्यामुळेच तुम्ही हा लेख वाचून आता खेळायला पळणार आहात!